वलणीवरचे ऊन

मराठी ललित लेखनात पाऊस उदंड आहे, चांदणेही उदंड आहे. ऊन मात्र बहुधा सोसण्याची गोष्ट म्हणूनच येते. नगरकर असल्यामुळे आम्हांला हे नेहमी खटकत आले आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या आमच्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ६०० मिलिमीटरच्या आतच पाऊस पडतो. ऊन आणि कोरडा वारा यांची मात्र ददात नाही. या दोहोंचा घरोघर, रोज आणि फुकट होणारा उपयोग कोणता, असे कुणी विचारले तर आम्ही कपड्यांच्या वलणीकडे बोट दाखवू.

कपडा वाळतो तो केवळ उन्हाच्या तापाने नव्हे. भोवतालची हवा कोरडी हवी आणि कपड्यालगतचा दमटपणा वाहून नेणारा वाराही हवा. म्हणून एप्रिलात आमच्या गच्चीवर दुसरी बादली पिळून होईतो पहिलीतले पातळ सुकत आलेले असते. आणि याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीकडे, आषाढ-श्रावणात कपडे चुलीच्या धगीवर धरावे लागतात. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल ऊर्जा लागते. धुण्याच्या एका खेपेत तीन लिटर पाणी उरले असे धरले, तर ते उडवायला दोन युनिट वीज हवी. तेवढे काम आमच्या गच्चीवर सूर्य दररोज करतो आणि त्याचे बिल येत नाही. शिवाय वाळवणयंत्राच्या जाळीत जो पिंजका साचतो, तो आपल्याच कपड्यांच्या झिजलेल्या धाग्यांचा असतो. दोरीवर ही घुसळण नाही. रंगीत कपडा उलटा करून घालावा, लोकर सावलीत पसरावी, पांढऱ्याला भरपूर ऊन द्यावे, एवढे पथ्य पुरते.

हे झाले फायदे. पण साहित्याच्या विद्यार्थ्याला वलणीकडे नुसती सोय म्हणून पाहता येणार नाही. घरात माणसे किती, मूल तान्हे आहे की शाळेत जाते, कुणाचे काय विटले आहे, हे सारे शेजाऱ्याला तिथे वाचता येते. आणि या मजकुरावर आपल्याकडे पूर्वापार कडक संपादन चालत आले आहे. सोवळ्याचे कपडे उंच दांडीवर, काठीने वाळत घालायचे. त्यांना पोराचा हात लागला तरी पुन्हा पाण्यात. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या वडिलांच्या सोवळ्याच्या हकिकती वाचताना आपण हसतो, पण त्या घराला तो जाच केवढा झाला असेल, हेही जाणवत राहते. त्याच लक्ष्मीबाईंचा पुढचा संसार आमच्या नगर-राहुरीकडे झाला आणि शिवाशिवीचे बंधन त्यांनी विचारपूर्वक टाकले.

सोवळ्याची काठी आता गेली. दुसरे संपादन मात्र उरले आहे. आमच्या आजीच्या घरी बायकांच्या त्या चार दिवसांतल्या घड्या न्हाणीघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, एखाद्या जुनेराखाली झाकून वाळत. खरे तर ‘वाळत’ म्हणणे चूकच. त्या दमटच राहत. ज्या कपड्याला उन्हाची सर्वांत अधिक गरज, नेमके त्यालाच ऊन वर्ज्य! केंद्र सरकारने २०१५ साली मासिक पाळीतील स्वच्छतेविषयी राष्ट्रीय मार्गदर्शिका काढली. असे कापड साबणाने धुऊन उन्हात वाळवावे, हे आज आरोग्यसेविकाही सांगतात. सांगणे सोपे आहे. पण ऊन असले तरी ते वापरण्याची मुभा हवी ना?

हा प्रश्न आजीच्या घराबरोबर संपलेला नाही. आमच्या माहितीतल्या, याच जिल्ह्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात गच्चीला कायम कुलूप असते. मुलींचे कपडे रस्त्यावरून दिसतात, ते बरे दिसत नाही, असे त्याचे कारण सांगतात. मग खोल्यांतून दोऱ्या बांधल्या जातात, आतले कपडे ओढणीखाली झाकले जातात आणि मार्चमध्येही भिंतींना कुबट वास येतो. अमेरिकेत अनेक वसाहती परिसराची शोभा बिघडते म्हणून दोरीवर कपडे वाळत घालू देत नाहीत. त्यावर फ्लोरिडा, व्हरमाँट यांसारख्या राज्यांना कपडे वाळवण्याचा हक्क कायद्याने राखावा लागला. तिथे शोभेची सबब, इथे शालीनतेची. या सबबींखाली कुणाचे ऊन अडते, हे मात्र पाहिले पाहिजे.

आम्ही वर्गात स्त्रियांची आत्मचरित्रे शिकवतो. ‘स्मृतिचित्रे’वर प्रश्न काढतो, उत्तरे तपासतो. तास संपला की त्याच मुली ओलसर कपड्यांच्या खोलीत परततात. त्यांच्यापैकी काहींनी अलीकडे अर्ज लिहिला आहे. मागणे मोठे नाही: गच्चीच्या कठड्याला आडोसा करावा आणि सकाळी आठ ते दुपारी चार किल्ली मुलींकडे असावी. त्या अर्जाखाली आम्हीही सही केली आहे.