झाडाचा हिशेब वेगळा, मुलाचा वेगळा

अझेलिया हे थंड डोंगरावरचे फुलझाड. नेपाळचे राष्ट्रीय फूल असलेला लाल गुरांस याच्याच कुळातला. आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या दमट उकाड्यात ते कुणी मुद्दाम लावणार नाही. पण आमचा पुतण्या लष्करात, सिक्कीममध्ये नेमणुकीवर. मागच्या हिवाळ्यात सुट्टीवर येताना त्याने आईसाठी कुंडीतले अझेलिया आणले. गुलाबी फुले पाहून वहिनी हरखल्या. मुलगा परत गेला आणि महिना-दीड महिन्यात पाने पिवळी पडू लागली.

वहिनी उल्हासनगरहून रिक्षाने कुंडी घेऊन आमच्या अंबरनाथच्या घरी आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, झाड वाळतंय. माझ्या पोराला तिकडं काही होणार तर नाही?"

गंडेदोरे, नवससायास टाकून बाबासाहेबांच्या मार्गाने चाललेल्या घरातली ही बाई. पण मूल सरहद्दीवर असले की आईचे मन असे कातर होते. त्यांना हसण्यात अर्थ नव्हता. झाडाला काय झाले ते शोधून दाखवणे, हेच खरे उत्तर होते.

पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, ही लोह कमी पडल्याची खूण. अझेलियाला आम्लधर्मी माती लागते. घरी त्याला बोअरचे पाणी मिळत होते. अशा जड, क्षारयुक्त पाण्याने मातीचा आम्लपणा कमी होतो आणि लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. शिवाय याची मुळे केसासारखी बारीक आणि मातीच्या वरच्या थरात असतात. माती कोरडी पडली तर ती मरतात, पाणी साचले तर कुजतात.

कुंडी पूर्वेच्या खिडकीशी, दुपारच्या झळा लागणार नाहीत अशी ठेवली. माती उकरली नाही, वरून कुजलेला पाला पसरला. रोज बोटाने ओल पाहूनच नळाचे पाणी दिले. चुलीची राख, अंड्याची टरफले आणि चुना कुंडीत पडू दिला नाही. त्याने आम्लपणा आणखी घटतो. जून लागल्यावर पहिल्या सरी सोडून गच्चीवर पावसाचे पाणी धरले. डास होऊ नयेत म्हणून ड्रमला झाकण लावले. या झाडाची पाने-फुले विषारी, म्हणून रांगत्या मुलांपासून ते लांब ठेवावे लागते.

पिवळी पाने गळाली. ऑगस्टमध्ये शेंड्यांना हिरवी पालवी फुटली. वहिनी म्हणाल्या, "बघा, पोरगा खुशाल आहे!"

मी म्हणालो, "वहिनी, पोरगा खुशाल आहे हे त्याच्या फोनवरून कळतं. झाड सुधारलं ते पावसाच्या पाण्याने. ही दोन खाती एकत्र करू नका. धरलेल्या कळ्या उमलायला याला काही आठवडे चांगली थंडी लागते, ती आपल्याकडे नाही. फुलं येतीलच असं नाही. उद्या मे महिन्याच्या उकाड्यात झाड गेलं, तर तो दोष उन्हाचा."

वहिनी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पण पाणी मीच घालणार."

आता त्या दर रविवारी येतात. आधी मुलाला फोन लावतात, मग मातीत बोट घालून ओल बघतात.