एका शहरापुरती कंपनी

सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी मोबाइल कंपन्यांचे १२२ परवाने रद्द केले, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. २००८ मध्ये २००१च्या भावाने वाटलेले परवाने होते ते. स्पेक्ट्रमचा उघड लिलाव व्हावा, ज्याची ऐपत त्याने घ्यावं, यापलीकडे न्याय नाही, असं मी गिऱ्हाइकांनाही सांगायचो. ट्रॉम्बेत रिचार्जचं दुकान चालवणाऱ्याला कंपनी कोणती राहते नि कोणती जाते, याच्याशी काय देणंघेणं!

हे मत बदललं ते लूप मोबाइलमुळे. मूळची ती बीपीएल मोबाइल, १९९५ पासूनची. परवाना फक्त मुंबई सर्कलचा, म्हणजे खाडीपलीकडचं वाशी त्यात, पण सातारा-रत्नागिरी बाहेर. चिता कॅम्पपासून कोळीवाड्यापर्यंत तिचे जुने नंबर होते, ते लोकांच्या तोंडपाठ होते.

२० वर्षांचा परवाना नोव्हेंबर २०१४ मध्ये संपणार होता. त्याआधी फेब्रुवारीत ९०० मेगाहर्ट्झचा लिलाव झाला, त्यात लूपचाच पट्टा होता. मुंबईची राखीव किंमत मेगाहर्ट्झला ३२८ कोटी रुपये. बोली ५६३ कोटींवर गेली. लूप बोलीला उतरलीच नाही. एअरटेलशी सुमारे ७०० कोटींचा सौदा ठरला होता, तोही नोव्हेंबरात मोडला. लाखो लोकांना दुसरीकडे जावं लागलं. ट्रायच्या २०११च्या पोर्टेबिलिटीमुळे १९०० वर मेसेज करून नंबर तरी वाचवता आला, हे मोठंच काम होतं. नियम नकोत असं मी म्हणत नाही, ते यासाठीच.

पण लिलावात सगळे सारखे उभे नसतात, हे मला तेव्हा कळलं. देशभर पसरलेली कंपनी मुंबईतला महागडा भाव इतर सर्कलच्या कमाईतून सोसते. लूपला तो मुंबईतूनच काढायचा होता. इंटरकनेक्टचंही तसंच. मोठ्या कंपनीला आपसातले फोन स्वस्त देता येतात, लहानीचे बहुतेक फोन बाहेर जातात आणि त्या काळी प्रत्येक मिनिटाला २० पैसे दुसऱ्याला द्यावे लागत. तो दर २०१७ मध्ये ६ पैशांवर आणि २०२१ मध्ये शून्यावर आला. तोवर लूप बंद होऊन वर्षं झाली होती.

लिलाव आजही मला हवाच आहे. पण एकाच सर्कलच्या कंपनीचा परवाना संपताना तिच्या पट्ट्यातला काही भाग राखीव किमतीला तिच्यासाठी बाजूला ठेवायला हवा. ५ मेगाहर्ट्झचे १,६४० कोटी झाले असते. सरकारला त्यात कमी पैसे मिळाले असते, ते मला मान्य आहे. मुंबई सोडून कुठेच जाता न येणारी एक कंपनी मुंबईकरांकडे राहिली असती.