मुंबईत काय बघायचं?

लग्नपत्रिका हा मराठी वाङ्मयातला सर्वांत जास्त वाचला जाणारा प्रकार असला, तरी त्यात एक मोठी उणीव आहे. तीत मुहूर्त असतो, स्थळ असतं, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' असा आग्रह करणारी बालमंडळी असतात, आहेर आणू नये अशी विनंती असते आणि ती कुणी फारशी मनावर घेणार नाही असा विश्वासही असतो. पण परगावचे पाहुणे पत्रिका हातात पडताच जो पहिला प्रश्न विचारतात, त्याचं उत्तर तेवढं नसतं. तो प्रश्न म्हणजे, "मुंबईत काय बघायचं?"

वास्तविक आम्ही राहतो डोंबिवलीला. व्ही. टी.पासून ४८ किलोमीटर, जिल्हा ठाणे. गेल्या माघात माझ्या पुतणीचं लग्न झालं तेही डोंबिवलीतच, घरापासून दहा मिनिटांवरच्या कार्यालयात. पण तासगाव, औसा आणि चिपळूण ह्या तिन्ही दिशांनी पाहिलं तरी डोंबिवली ही मुंबईतच दिसते, त्याला इलाज नाही.

लग्न ठरल्याबरोबर थोरल्या भावाने घरात खातेवाटप केलं. गुरुजी आणि मुहूर्त त्याने स्वतःकडे ठेवले. फुलं, केळवणं, मानपान ही वजनदार खाती बायकांकडे गेली. माझी ह्यांपैकी कशालाही लायकी नाही ह्यावर सर्वपक्षीय एकमत असल्यामुळे माझ्याकडे पर्यटन आलं. पाहुण्यांना मुंबई दाखवायची, निदान काय बघायचं ते सांगायचं आणि मुख्य म्हणजे त्यांना स्वयंपाकघराच्या दारातून हलवायचं.

ह्या खात्याचा कार्यभार हाती घेताच पहिली अडचण कळली ती वाराची. लग्नं होतात रविवारी. म्हणजे पाहुणे मोकळे सोमवारी. आणि सोमवारी मुंबईची निम्मी प्रेक्षणीय स्थळं दार लावून बसतात. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, त्यामुळे त्याच्या पोटातली कान्हेरीची लेणीही बंद. वरळीचं नेहरू तारांगण सोमवारी बंद. सोमवारी ग्रहताऱ्यांनासुद्धा सुट्टी. राणीची बाग तेवढी उघडी, कारण ती बुधवारी बंद असते. "मग लग्न शनिवारी का नाही ठेवलंत?" असं औशाच्या मेहुण्यांनी मला विचारलं. ते खातं माझ्याकडे नव्हतं.

दुसरी अडचण म्हणजे पाहुणे येताना आपली यादी बरोबरच घेऊन येतात आणि ती बहुधा त्यांच्या मागच्या मुंबईभेटीची असते. चिपळूणच्या वहिनी मुंबईत शेवटच्या आल्या होत्या त्या एका मुंजीला, फ्रॉक घालून. त्यांना नातवंडांना तेच सगळं दाखवायचं होतं. तारापोरवाला मत्स्यालय बघू म्हणाल्या. १९५१ साली सुरू झालेल्या त्या मत्स्यालयाला कुलूप लागलं असल्याचं मी त्यांना शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. मग म्हणाल्या, डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या बाकावर बसवून वारा खायला घालू पोरांना. आता ती जुनी लाल डबलडेकर २०२३च्या सप्टेंबरात शेवटची धावली. तिच्या जागी विजेवरची आली, तीही दुमजली आणि देखणी, पण वातानुकूलित. वारा आतल्या आत मिळतो. निदान काळीपिवळी फियाट? तीही त्याच साली ऑक्टोबरात निवृत्त झाली. वहिनींचा चेहरा असा उतरला की जणू आमच्या घरातली तीन माणसं गेली आणि आम्ही त्यांना कळवलं नाही. शेवटी म्हातारीचा बूट अजून कमला नेहरू पार्कात आहे असं सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी चहा घेतला.

तिसरी अडचण गुडघ्यांची. माझ्या अनुभवाने प्रेक्षणीय स्थळांची वर्गवारी ऐतिहासिक, धार्मिक, नैसर्गिक अशी न करता गुडघ्यांवर करावी. घारापुरीचं उदाहरण घ्या. लाँचमधून तासभर प्रवास, मग वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. वर पोचल्यावर तीन मुखांचा सदाशिव दिसतो, सुमारे वीस फूट उंच. तो बघून माणूस गप्प होतो हे खरं. पण काही माणसं सत्तराव्या पायरीवरच गप्प होतात. अशा मंडळींसाठी मी एक सोय शोधून ठेवली आहे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटलं, तो हत्ती आता बेटावर नाहीच. तो भायखळ्याला राणीच्या बागेच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. म्हणजे गुडघे दुखणाऱ्याने भायखळ्याला उतरावं, हत्तीला हात जोडावे, एक पायरी न चढता एलिफंटा केल्याचं गावी सांगावं. शिवाय संग्रहालयही १८७२ सालचं आहे आणि बागेत पेंग्विन आहेत. पेंग्विन बघून औशाचे मेहुणे म्हणाले, "ह्यांचंही लग्नघरच दिसतंय. सगळे कोट घालून उभे आणि जेवण कधी ते कुणालाच माहीत नाही."

हँगिंग गार्डनला नेताना मात्र आधी खुलासा करावा. नाहीतर पाहुणे अर्धा तास 'लटकतंय कुठे' ते शोधतात. काही लटकत नाही. मलबार हिलवरच्या पाण्याच्या टाक्यांवर माती टाकून १८८१च्या सुमाराला केलेली ती बाग आहे.

पण लग्नाच्या पाहुण्यांनी खरोखर बघावं असं स्थळ म्हणजे गेटवे ऑफ इंडिया, कारण त्याच्याइतकी लग्नघराची कळा दुसऱ्या कुठल्याच वास्तूला नाही. राजा पाचवा जॉर्ज आणि राणी १९११ साली मुंबईत उतरले, त्याची ही आठवण. पण पायाचा दगड बसला १९१३ साली आणि कमान पुरी झाली १९२४ साली. म्हणजे पाहुणे येऊन, जेवून, परत जाऊन तेरा वर्षं झाल्यावर मंडप उभा राहिला! आमच्या मंडपवाल्याने दोन तास उशीर केला म्हणून भाऊ हातघाईवर आला होता. त्याला मी हा दाखला दिला, तेव्हा मंडपवाला माझ्याकडे कृतज्ञतेने पाहू लागला आणि भाऊ नुसताच पाहू लागला. पुढे १९४८च्या फेब्रुवारीत शेवटची ब्रिटिश पलटण ह्याच कमानीखालून बोटीवर चढली. स्वागताला नसली तरी निरोपाला कमान वेळेवर तयार होती.

असो. ही सगळी माहिती वार, वेळ, स्टेशन, पूर्व की पश्चिम, पायऱ्या किती, चहा कुठे अशी तपशीलवार लिहून मी लग्नासाठी काढलेल्या फोनवरच्या गटावर टाकली. चौदा जणांनी अंगठे वर केले. दोघांनी हात जोडले. चिपळूणहून एक गुलाबाचं फूल आलं. खात्याचं काम फत्ते झालं.

सोमवारी सकाळी सात वाजता बघतो तो चौदाच्या चौदा मंडळी आंघोळी उरकून, कपडे करून, गॅलरीपासून दारापर्यंत रांगेने बसलेली. कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या पाण्याची बाटली.

"मग? कुठे निघालात?" मी विचारलं.

"तुम्ही न्याल तिकडे," मेहुणे म्हणाले.

"यादी पाठवली होती ना?"

"वाचली की. फार छान लिहिलीय. किती वाजता निघायचं?"

गावाकडून आलेला माणूस 'मुंबईत काय बघायचं' असं विचारतो, तेव्हा त्याला स्थळांची नावं नको असतात. ती शाळेच्या भूगोलात होती, सिनेमात होती, आता तर फोनमध्येही आहेत. त्याला विचारायचं असतं, 'तुम्ही येणार ना बरोबर?' पण तसं विचारणं बरं दिसत नाही. मुंबईतल्या माणसाला वेळ नसतो हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. म्हणून तो बिचारा राणीच्या बागेबद्दल विचारतो. लग्नाचे दोन दिवस आपण त्याच्या समोरून नुसते धावत असतो. 'जेवलात का?', 'झोप झाली का?' ह्यापलीकडे बोलणं होत नाही. अक्षता टाकायला माणूस बारा-बारा तास प्रवास करून येतो आणि ज्याच्यासाठी येतो त्याचं नीट तोंडही बघायला मिळत नाही. सोमवार त्यासाठी असतो.

हे मला कळलं ते तासगावच्या थोरल्या आत्यामुळे. वय वर्षं एक्याऐंशी. बाकीच्यांना पुतण्याबरोबर राणीच्या बागेकडे रवाना केल्यावर मी तिला विचारलं, "आत्या, तुला काय बघायचंय? सिद्धिविनायक? महालक्ष्मी?"

"देव काय, आमच्याकडेही आहेत," आत्या म्हणाली. "तू रोज कुठली गाडी पकडतोस, ती दाखव."

एकतीस वर्षं मी डोंबिवलीहून फोर्टातल्या ऑफिसात जातोय. ते प्रेक्षणीय स्थळ आहे असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिला रिक्षाने स्टेशनवर नेलं. फलाटावर एका बाकावर कडेला बसवलं. आठ सतराची फास्ट आली. फलाट हलला, उकळला, दारांशी चिकटला. गाडी गेली. निम्मी माणसं तिथेच उरली होती आणि पुढच्या गाडीसाठी चपला सावरत होती.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ह्यात तू कुठे असतोस?"

"पुढून तिसरा डबा. दुसरं दार. आत शिरलो की डाव्या अंगाला."

पुढची गाडी आली तेव्हा ती नेमकं तेच दार बघत होती. गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होती.

"आप्पांच्या तेराव्याला तू सकाळी आलास आणि संध्याकाळच्या गाडीने गेलास," ती म्हणाली, "तेव्हा मी चार माणसांत तुला बोलले होते. मुंबईला गेला आणि माणूस संपला म्हणाले होते."

"असू दे गं आत्या. किती वर्षं झाली."

"असू दे कसं? बोलले ते चार माणसांत बोलले. आता गावी गेल्यावर हेही चार माणसांत सांगेन."

अकराच्या पुढे गर्दी ओसरल्यावर आम्ही बसून व्ही. टी.ला गेलो. ठाण्याच्या पुढे तिला सांगितलं, की आपल्याकडची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ला ह्याच वाटेने, बोरीबंदर ते ठाणे अशी धावली, ३४ किलोमीटर. "तेव्हा बसायला मिळालं असेल," आत्या म्हणाली. व्ही. टी.च्या बाहेर येऊन मी तिला इमारत दाखवली. १८८८ साली पुरी झालेली, जागतिक वारशाच्या यादीत २००४पासून असलेली, व्हिक्टोरियापासून छत्रपती शिवाजी महाराजांपर्यंत नावं बदलत आलेली. फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ दाखवले. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. आत्याने पदर सारखा करत घुमटाकडे नजर टाकली.

"रोज इथे उतरतोस होय?" ती म्हणाली. "बरं आहे. उतरतोस तरी देवळासारख्या जागेत."

मंगळवारी सकाळी ऑफिसची बॅग उचलली तर ती जड लागली. आत तासगावचे बेदाणे होते, किलोभर तरी असतील. वर चिठ्ठी नव्हती. आत्या स्वयंपाकघरात उगीचच डबे लावत होती.

तेव्हा ज्यांच्या घरी कार्य निघालं असेल त्यांना ह्या माजी पर्यटनमंत्र्याची शिफारस अशी. यादी जरूर करा. पेंग्विन, हत्ती, टाकीवरची बाग सगळं लिहा. पण तिच्या शेवटी आपली गाडी, आपला फलाट, आपण डबा खातो ती जागा, हेही घाला. ह्या स्थळांना तिकीट नाही, पायऱ्या बेताच्या आहेत आणि वाटाड्या ओळखीचा असतो. सोमवारची रजा मात्र आधीच टाकून ठेवावी. आणि एवढं करून कुणी गेटवेचा हट्ट धरलाच, तर खुशाल न्यावं. ते सोमवारीही उघडं असतं. त्याला दारच नाही.