गहू, सोयाबीन आणि ‘मच-मेनी’

देवास

चि. भाचीस,


धारच्या शाळेत सातवीला इंग्रजी शिकवताना ‘मच’ कुठे आणि ‘मेनी’ कुठे, याविषयी पत्रातून जी शंका आली आहे, तिचे पाठ्यपुस्तकी उत्तर सर्वांना पाठ असते: जे मोजता येते त्याच्यापूर्वी ‘मेनी’ किंवा ‘फ्यू’, जे मोजता येत नाही त्याच्यापूर्वी ‘मच’ किंवा ‘लिटल’. या उत्तरातला दोष असा की त्यात मोजले जाण्याचा गुण वस्तूच्या अंगी मानला आहे. प्रत्यक्षात तो प्रत्येक भाषेने आपापल्या नामांना वाटून दिलेला असतो. पैशाइतके मोजून घेतले जाणारे दुसरे काही नाही, तरी ‘मनी’पूर्वी ‘मच’च येते. व्याकरणात अशा नामाला अगणनीय म्हणतात, म्हणजे ज्याचे सहसा अनेकवचन होत नाही आणि ज्याच्यापूर्वी ‘एक, दोन, तीन’ थेट लागत नाहीत असे नाम. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ च्या ‘लँग्वेज’ या ग्रंथात दाखवले आहे की इंग्रजीत ‘व्हीट’ म्हणजे गहू एकवचनी, तर ‘ओट्स’ हे तसलेच धान्य अनेकवचनी चालते. दाण्यांच्या आकाराने या भेदाचा उलगडा होत नाही.

हाच भेद देवासच्या मंडीत अधिक ठळक दिसतो, कारण तेथे शेजारी-शेजारी पडलेल्या दोन ढिगांच्या बाबतीत मराठी आणि इंग्रजी नेमक्या उलट वागतात. मराठी घरात गहू निवडले जातात, दळून आणले जातात, म्हणजे ते अनेकवचनी असतात (बाजारभावाच्या गोष्टी निघाल्या की मात्र तोच गहू ‘महागला’ असा एकवचनी होतो); सोयाबीन मात्र विकले जाते, वाळते, भिजते, सर्वत्र एकवचनी. इंग्रजीत ‘व्हीट’ अगणनीय आणि ‘सोयाबीन्स’ गणनीय. म्हणून घरच्या व्याकरणावर विसंबलेला विद्यार्थी ‘मेनी व्हीट’ आणि ‘मच सोयाबीन्स’ लिहितो, तेव्हा त्याचे चुकणे निष्काळजीपणाचे नसून, त्याने मातृभाषेचा नियम प्रामाणिकपणे पाळलेला असतो. तांदूळ, केस, बातम्या यांचेही तेच: मराठीत अनेकवचनी, इंग्रजीत ‘राइस’, ‘हेअर’, ‘न्यूज’ एकवचनी. उलट ‘माहिती’ मराठीतही एकवचनी असल्याने मराठी मुलाचे ‘इन्फर्मेशन’ सहसा बिघडू नये, आणि तरी ते बिघडले तर दोष मराठीच्या माथी मारता येत नाही.

माळव्यातील मराठी मुलाला या बाबतीत एक फायदा आहे, जो पुण्याच्या मुलाला नाही. घरी ‘पोहे झाले’ आणि रस्त्यावर ‘पोहा बन गया’ हे दोन्ही त्याच्या कानावर रोज पडत असल्याने, एकच पदार्थ एका भाषेत अनेकवचनी व दुसरीत एकवचनी असू शकतो हे त्याला मुद्दाम पटवून द्यावे लागत नाही. असाच एक दाखला संस्कृतातही आहे: धारच्या ज्या वास्तूला भोजशाळा तसेच कमाल मौला मशीद म्हणतात, तिच्या स्तंभांवर संस्कृत वर्णमाला व प्रत्यय सर्पाकृतीत कोरलेले आहेत. त्या संस्कृतात तर पाण्याचा ‘आपः’ हा शब्द सदैव बहुवचनीच चालतो.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांतील अंतर समजावण्यासाठी मराठीतील ‘च’ हे अव्यय पुरेसे आहे. ‘थोडेच लोक आले’ यात अपेक्षाभंग आहे, तो ‘फ्यू’. ‘थोडे लोक आले’ यात केवळ नोंद आहे, तो ‘अ फ्यू’. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांचीही तीच गत. म्हणजे मराठी ‘च’ जोडून जे सांगते, ते इंग्रजी ‘अ’ गाळून सांगते, आणि वर्गात हे एकदा फळ्यावर मांडले की विद्यार्थी ते सहसा विसरत नाही. सरावासाठी वाक्ये गाइडमधून घेण्यापेक्षा इ. एम. फॉर्स्टर यांच्या ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) मधून घ्यावीत. १९२१ साली ते देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या (शाखेच्या) महाराजांचे खाजगी सचिव होते, आणि त्या पुस्तकात त्यांची येथून लिहिलेली पत्रे आहेत.

राहिला ‘लेस’ आणि ‘फ्युअर’चा वाद. गणनीय नामापूर्वी ‘फ्युअर’च हवे, हे मत १७७० मध्ये रॉबर्ट बेकर यांनी स्वतःची पसंती म्हणून मांडले आणि पुढच्या व्याकरणकारांनी त्याचा कायदा केला; वास्तविक नवव्या शतकातील राजा आल्फ्रेडच्या लेखनातही गणनीय नामाशी ‘लेस’चा जुना अवतार आढळतो. परीक्षेसाठी भेद शिकवावा, पण सातवीच्या उत्तरपत्रिकेत त्याबद्दल गुण कापू नयेत.



मामा