चौथ्या मजल्यावरची शेती

2023 च्या जुलै महिन्यात टोमॅटोने किलोला दीडशे रुपयांची हद्द ओलांडली, तेव्हा बायकोने पाव किलो टोमॅटो ओट्यावर ओळीने मांडले आणि घरात जाहीर केलं, "मोजलेले आहेत. सालनात एकच पडणार. कोणी कच्चा खाल्ला तर मला कळेल."

त्याच वर्षी मी नोकरीतून निवृत्त झालो होतो. रिकामा माणूस आणि महाग टोमॅटो एका घरात आले की जे व्हायचं तेच झालं. मी म्हणालो, यापुढे भाजी घरीच पिकवायची. मुलगी हसली, बायको त्याहून मोठ्याने हसली. अम्मी तेवढी हसली नाही. ती गॅलरीतल्या खुर्चीवर तसबीह घेऊन बसली होती. तिने एकदा माझ्या हातांकडे पाहिलं आणि पुन्हा मणी ओढू लागली.

आम्ही खारघरला चौथ्या मजल्यावर राहतो. गॅलरी नऊ फूट लांब, चार फूट रुंद. पण आमचं मूळ गाव तळोज्याकडचं, आणि आजोबांची दोन एकर भातजमीन होती. 1970 साली सिडको स्थापन झाली, ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या 95 गावांच्या जमिनीवर नवं शहर वसायचं ठरलं, त्यात आमची दोन एकरही गेली. मी तेव्हा शाळकरी पोर. मला आठवतात ती घरातली बोलणी. मोबदला, नोटीस, आणि पुढे 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या आंदोलनात जासई-नवघरला गोळीबार होऊन पाच शेतकरी गेले, त्या रात्री आमच्याकडे चूल पेटली नव्हती. शेतीची कामं मात्र काही आठवत नाहीत. अब्बांनी मला शाळेत घातलं, शाळेने ऑफिसात, आणि ऑफिसने चाळीसेक वर्षांनी गॅलरीत आणून सोडलं.

तरी मनात गुर्मी होतीच. शेतकऱ्याचा नातू आहे, रक्तात असणार!

सुरुवात माती विकत घेण्यापासून झाली. ज्या भागात आमची दोन एकर होती त्याच भागात मी पिशवीतली लाल माती पैसे मोजून घेतली आणि लिफ्टने वर आणली. सोबत पाच किलोची कोकोपीटची वीट. नारळाच्या काथ्याचा भुसा दाबून करतात ती. पाण्यात टाकली की फुगते, असं पिशवीवर छापलं होतं. किती फुगते ते मी वाचलं नाही. रात्री न्हाणीतल्या टबात वीट ठेवली, वर तीन बादल्या पाणी ओतलं आणि झोपलो.

फज्रच्या वेळी अम्मी वुजूला गेली आणि तिथूनच हाक आली, "बाबू, न्हाणीत म्हैस बांधलीस काय?"

टब भरून काळपट तपकिरी भुसा बाहेर आला होता, नळाखालून मोरीपर्यंत पसरला होता. घरातल्या चौघांनी त्या दिवशी स्वयंपाकघरात वुजू केला. पुढचे आठ दिवस बायको प्रत्येक पाहुण्याला ही हकिकत सांगत होती, आणि प्रत्येक वेळी त्यात टब थोडा मोठा होत होता.

मग कोथिंबीर. सगळे सांगतात, नवशिक्याने कोथिंबिरीपासून सुरू करावं, ती कुठेही उगवते. मी स्वयंपाकघरातल्या बरणीतले मूठभर धने घेतले, ट्रेमध्ये पेरले, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. आठ दिवस झाले, पंधरा झाले. एकविसाव्या दिवशी मी बायकोला म्हटलं, आपल्या घरातले धने बनावट दिसतात. तिने विचारलं, कुठल्या बरणीतले? मी बरणी दाखवली. ती भिंतीला टेकून खाली बसली. ते मसाल्यासाठी भाजून ठेवलेले धने होते.

मी तीन आठवडे भाजलेल्या धन्यांना पाणी घालत होतो. अम्मी रोज समोर बसून ते बघत होती. तिने एक शब्द काढला नाही.

(ज्यांना खरंच लावायची आहे त्यांच्यासाठी, कच्चे धने घ्या, लाटण्याने हलके रगडून प्रत्येकाचे दोन भाग करा, रात्रभर भिजवा आणि मग पेरा. आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत उगवतात. हे मला नंतर कळलं.)

टोमॅटोची सहा रोपं एका नर्सरीतून आणली होती. जुलैच्या पावसात टोमॅटो लावणारा माणूस किती शहाणा, हे पाच रोपांनी कुजून दाखवून दिलं. सहावं तगलं. त्याला मी काठी लावली, सुतळीने बांधलं, खालची पानं खुडली. सप्टेंबरात त्याला फूल आलं, जांभळं. टोमॅटोचं फूल पिवळं असतं एवढं मला तोवर कळलं होतं. ते वांगं होतं.

"अम्मी, तुला माहीत होतं?"

"पानावरून कळतं की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू एवढ्या प्रेमाने टोमॅटो टोमॅटो म्हणत होतास. म्हटलं, होईल कदाचित."

भेंडीवर पिठ्या ढेकूण पडला. कापसाचे बारीक ठिपके चिकटावेत तसा दिसतो. एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे दोन-चार थेंब, हे त्याचं औषध. मी विचार केला, पाच मिलीने जे होतं ते पन्नासने लवकर होईल. ढेकूण गेला. भेंडीही गेली. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर तेलाचे डाग पडले, त्या वर येऊन म्हणाल्या, "भाऊ, शेती करा, पण आमच्यावर फवारणी नको." मी कबूल केलं, पहिलं पीक त्यांचं.

मेथीच्या ट्रेमध्ये कबुतराने दोन अंडी घातली. मी ट्रे रिकामा करायला निघालो तर मुलगी आडवी आली. अम्मीने तिची बाजू घेतली. लावलेल्यातलं पाखराने खाल्लं तरी लावणाऱ्याला सदका मिळतो, हे तिने मला लहानपणापासून ऐकवलं होतं. मी म्हटलं, अम्मी, हे खाणं नाही, हा कब्जा आहे. पण महिनाभर मेथी त्यांचीच राहिली.

आता दुधी. आमच्या घरात दुधीला नावं ठेवायची सोय नाही. मुलांनी लहानपणी नाक मुरडलं की अम्मी सांगायची, हुजूर (स.) थाळीत दुधीच्या फोडी शोधून खायचे, आणि तू कोण लागून गेलास? तेव्हा दुधी लावणं भागच होतं. रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादलीला खाली भोकं पाडली, माती भरली, दोन बिया लावल्या. पाणी वुजूचं. अम्मी बादलीवर बसून वुजू करायची, ते पाणी वाया न जाता वेलाला जायचं. वेल असा वाढला की महिन्याभरात गॅलरीची जाळी हिरवी झाली. पांढरी फुलं आली. मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

फुलं गळली. पुन्हा आली, पुन्हा गळली. मग शोध लागला की ती सगळी नरफुलं होती. दुधीला आधी नरफुलं येतात, लांब बारीक देठावर. मादीफूल मागाहून येतं, आणि त्याच्या मागे करंगळीएवढा लवदार दुधी आधीपासूनच असतो. अशी मादीफुलंही आली. पण ते छोटे दुधी बोटाएवढे होईपर्यंत पिवळे पडायचे आणि गळायचे. चौथ्या मजल्यावर परागीकरण करायला कीटक येईनात.

मी फोनवर बघितलं. एक तरुण सांगत होता, भल्या पहाटे ब्रशने नराचा पराग उचला आणि मादीला लावा. मी मुलीचा चित्रकलेचा ब्रश घेतला. रोज फज्र झाली की जाळीपाशी. फुलं मलूल, मिटलेली असायची, मी ती बोटांनी उघडून ब्रश फिरवायचो. खालून दूधवाला बघायचा, समोरच्या इमारतीतले आजोबा बघायचे. दोन आठवडे असे गेले.

आणि एक दुधी टिकला! चार दिवसांत वीतभर झाला, दहा दिवसांत हातभर. मी सोसायटीच्या वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ब्रशचं तंत्र समजावलं. दोघांना ब्रश भेटही दिले.

सप्टेंबरअखेरची गोष्ट. मगरिबची नमाज पढून मी निघालो आणि पाऊस आला, म्हणून चौकातल्या गप्पा टाळून थेट घरी. गॅलरीत दिवा नव्हता. अम्मी एका हाताने जाळी धरून उभी होती. दुसऱ्या हातात खुडलेलं नरफूल, पाकळ्या काढून टाकलेलं. ते ती वर उमललेल्या मादीफुलात हलकेच फिरवत होती. फुलं टपोरी, पांढरीशुभ्र, पूर्ण उघडलेली. मी ती अशी कधी पाहिलीच नव्हती.

माझी चाहूल लागली तशी तिने ते फूल मुठीत लपवलं.

"अम्मी?"

"दुधी मगरिबला उमलते," ती म्हणाली. "तू फज्रला जातोस. तोवर ती मिटलेली असते."

फोनमधला तरुण तांबड्या भोपळ्याबद्दल बोलत होता. त्याचं फूल पिवळं असतं आणि पहाटे उमलतं. माझं पांढरं होतं, एवढंही मी बघितलं नव्हतं.

"मला सांगायचं ना."

"तू विचारलंस कुठे? त्या पोराला विचारत होतास."

मला हसू आलं. ती हसली नाही. तिने ओढणीला हात पुसला, खुर्चीत बसली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "आणि सांगायला लागले असते, तर मग थांबले नसते."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या घरात तिने कधी एक कुंडीदेखील ठेवली नव्हती. पुदिनासुद्धा विकतचा. जमीन गेल्यावर तिने मातीत हात घातला नव्हता, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मला ते कधी दिसलं नव्हतं. मौलाना एकदा बयानात सांगत होते, मदिनेचे लोक खजुरीचं परागीकरण हाताने करत, ते थांबवल्यावर पीक उतरलं, तेव्हा हुजूर (स.) यांनी दुनियेची कामं तुम्हाला अधिक कळतात असं त्यांना सांगितलं. मी पहिल्या सफमध्ये बसून मान डोलावली होती. ज्याला ते कळत होतं ते माणूस माझ्याच गॅलरीत बसलं होतं.

पहिला दुधी ठरल्याप्रमाणे खालच्या काकूंना गेला. दुसऱ्याचं सालन झालं, त्यात गोश्त कमी आणि दुधी जास्त होती, तरी मुलगी बोलली नाही.

17 नोव्हेंबर 2023 ला बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. त्या आठवड्यात अम्मीला घेऊन बसलो. गाडी खारघर मागे टाकून पुढे निघाली तशी ती खिडकीला चिकटली. इमारती, पुन्हा इमारती. ती डोंगराकडे बघत होती, कारण तेवढाच जागेवर होता. "इथे," ती म्हणाली. मग, "नाही, थोडं पुढे. तिथे चिंच होती." पुढे स्टेशन आलं, दारं उघडली, मिटली. परतीच्या गाडीत ती पलीकडच्या बाजूने बघत आली.

घरी येऊन म्हणाली, "गावात चुलतभावाला फोन कर. वाल मागव."

भात कापल्यावर त्याच खाचरात, उरलेल्या ओलीवर वाल टाकायची आपल्याकडची रीत. वाल तिने स्वतः लावले. सहा खोकी, प्रत्येकात चार दाणे, बोटाने भोक पाडून. मी सवयीने पाण्याचा मग घेऊन उभा होतो. "ठेव तो," ती म्हणाली. "बोट दोन पेरं आत घाल. थंड लागलं तर परत जा." त्या थंडीत मी कितीदा बोट घातलं आणि परत गेलो, त्याची गणती नाही.

फेब्रुवारीत शेंगा भरल्या. पोपटीचा विचार झाला, पण चौथ्या मजल्यावर मडकं कुठे पुरणार आणि भांबुर्ड्याचा पाला कुठून आणणार? अम्मीने शेंगा ओवा-मीठ घालून कुकरमध्ये शिजवल्या. चौघांना मिळून दोन मुठी.

एका वेलावरच्या शेंगांना तिने लाल दोरा बांधला होता. त्या बियाण्याच्या, कोणी हात लावायचा नाही. बायकोने दोनदा तिकडे कोयता नेला, दोनदा परत आणला. शेंगा वाळल्यावर अम्मी दाणे काढून ताटात पसरत होती. मी वही घेऊन बसलो. जमाखर्चाच्या पानावर चार हजार तीनशे सत्तर रुपये खर्च आणि समोर दुधी पाच, वांगी तीन, भेंडी अकरा असं लिहिलेलं होतं.

"अम्मी, पुढच्या वर्षी पूर्ण गॅलरीला वाल लावायचा तर बी किती लागेल?"

तिने दाण्यांवरून हात फिरवला.

"दोन एकराला किती लागतं ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "गॅलरीचं तू काढ."