तीन गोड विहिरी

मालवणच्या धक्क्यावरून सकाळीच होडीत बसलो. किनारा मागे पडला आणि कुरटे बेटावरचा सिंधुदुर्गाचा तट हळूहळू मोठा होत गेला. होडी पायथ्याला लागली, तरी महादरवाजा दिसेना. दोन बुरुजांच्या वळणात तो असा दडवलाय, की अगदी जवळ गेल्यावरच वाट सापडते.

१६६४ साली शिवरायांनी समोरच्या किनाऱ्यावर, मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. पायात शिसं ओतलं. लाटा तेव्हापासून धडका देताहेत, तट उभाच आहे.

आत महाराजांच्या हाताचा चुन्यातला ठसा पाहिला आणि नकळत चप्पल काढली. पुढे विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. कळशी वर आली. ओंजळ भरून प्यायलो. गार, गोड पाणी! ओठांवर मात्र होडीतल्या तुषारांचं मीठ अजून होतं.

ही नावं देणाऱ्यांना या पाण्याचं मोल पुरतं कळलं होतं. चहूकडे खारा समुद्र असताना हीच खरी शिबंदी. परतताना होडीतून बराच वेळ मागे वळून बघत राहिलो. दरवाजा पुन्हा दिसेनासा झाला होता. जिभेवरची गोडी तेवढी सोबत आली.