दुपारी दोनची ट्यूबलाइट

रेल्वेच्या कामात रुळांलगतची आमची झोपडी गेली आणि मानखुर्दला सात मजली इमारतीत घर मिळालं. २२५ चौरस फूट. चिठ्ठीत दुसरा मजला निघाला म्हणून आईनं पेढे वाटले. तिच्या गुडघ्यांची सोय झाली होती.

आधी चांगलं सांगते, कारण अशा वसाहतींवर लिहिणारे नेमकं तेच गाळतात. घरात संडास आला. काळोखात डबा घेऊन, बहिणीला सोबत ओढत रुळांकडे जाणं संपलं. ‘तोडायला आले’ ही हाक थांबली. हे सुख काय असतं ते जन्मापासून घरात नळ असलेल्यांना सांगून कळायचं नाही.

पण समोरची इमारत इतकी जवळ, की तिथल्या शेजारच्या वहिनी कढईत काय परततात ते वास येण्याआधी दिसतं. मधल्या फटीत वरच्यांचा कचरा साचतो, म्हणून आमची खिडकी बंद. दुपारी दोनला ट्यूबलाइट. आई ब्लाउज शिवते. सुईत दोरा ओवायचा झाला की ती उठून जिन्याच्या जाळीपाशी जाते. धाकट्याला टीबी झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, खिडकी उघडी ठेवा, ऊन येऊ द्या. कुठून? गोवंडी-मानखुर्दच्या वसाहतींत अपुरा उजेड-वारा आणि टीबी यांचा संबंध दाखवणारी पाहणीही झाली आहे. पुढच्या योजनांत घर २६९ आणि मग ३०० चौरस फुटांचं झालं. मोजमाप सगळं भिंतींच्या आतलं. बाहेरच्या फटीचं बोलायला कुणाला सवड नाही.

देखभालीसाठी घरामागे २०,००० रुपयांची ठेव. व्याजावर सोसायटी चालवायची. सहा टक्के धरले तरी घरामागे महिन्याला शंभर रुपये. त्यात पंप, झाडू, जिन्यातले दिवे आणि लिफ्ट! लिफ्ट अर्थातच बंद. वर्गणीची मीटिंग लागली की आम्ही खालचे म्हणतो, आम्ही चढतोच कुठे?

शेवटी फट साफ करायला माणूस लावला, घरामागे वीस रुपये. सातव्या मजल्यावरचे देत नाहीत. त्यांच्याकडे ऊन येतं, वास पोचत नाही. शिवाय लिफ्टच्या वर्गणीला आमचे हात आखडले होते, ते त्यांच्या चांगलं लक्षात आहे.